काटकसरीचा तळ : प्रस्तावना

खोल समुद्रातल्या जिवांवर मराठीत जे छापून येते त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो. अक्राळविक्राळ जबडा, अंधारात लुकलुकणारा दिवा आणि वर ‘निसर्गाचा चमत्कार’ असा मथळा. मूल चित्र पाहून दचकते, पान उलटते आणि विसरून जाते. तो मासा खातो काय, रोज खातो का, त्याला ते मिळते कुठून, हे प्रश्न पानावर येतच नाहीत. हे पुस्तक त्याच प्रश्नांपासून सुरू होते. ज्या माशाभोवती ते रचले आहे तो अक्राळविक्राळ नाही, त्याच्याकडे दिवा नाही आणि तो कुणाच्या पाठीही लागत नाही. दोन-तीन किलोमीटर खोल पाण्याच्या तळावर, चिखलात तीन काड्या टेकवून तो उभा राहतो आणि अन्न आपल्यापर्यंत वाहत येण्याची वाट पाहतो.

जगभर ट्रायपॉड फिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माशाला इथे तिपायी मासा म्हटले आहे. शास्त्रीय नाव बॅथिप्टेरॉइस. या प्रजातीत दीड डझनाच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतली सर्वांत उंच ‘पायांची’ जात म्हणजे ग्रॅलेटर. तिचा देह जेमतेम ३५-४० सेंटिमीटरांचा, पण पोटाकडच्या दोन परांचे आणि शेपटीच्या खालच्या टोकाचे किरण इतके लांबलेले की मोठ्या माशात ते मीटरभर भरतात. साधारण ९०० मीटरपासून ४,७०० मीटरपर्यंतच्या खोलीतून ही जात मिळाली आहे. हिंदी महासागरही तिच्या वावराच्या नकाशात येतो.

बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात बसून समुद्राच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहावी, याचे कुणाला हसू येईल. इथून सुरत गाठायची तर तीनशेहून अधिक किलोमीटर, आणि पुढे खोल समुद्र आणखी कितीतरी दूर. मुंबई-खंबातसमोर भूखंडमंचच सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. तो ओलांडल्याशिवाय तळ खऱ्या अर्थाने खाली जात नाही. तरी आमच्या गावात समुद्र येतो, आणि तो दोन वाटांनी येतो. एक, बाजारात सुक्या बोंबलाच्या रूपाने; दुसरी, जूनमध्ये ढगांच्या रूपाने. गावाकडून समुद्राला जाणारी वाट मात्र एकच, तापीची. या तिन्ही वाटांनी गेले तर आपण त्या तीन काड्यांवरच्या माशापाशी पोहोचतो. प्रस्तावनेत मी त्या वाटा दाखवून बाजूला होणार आहे. पुढचा प्रवास पुस्तकाचा.

आधी ओळखपरेड. या प्रजातीला नाव मिळाले १८७८ मध्ये. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ हे ब्रिटिश जहाज जगाच्या समुद्रांचा तळ खरवडत फिरले. त्याने आणलेल्या नमुन्यांवरून अल्बर्ट गुंथर या मत्स्यशास्त्रज्ञाने बॅथिप्टेरॉइसचे वर्णन केले. ‘चॅलेंजर’ केप टाऊनहून दक्षिणेला अंटार्क्टिकाकडे उतरले आणि तिथून ऑस्ट्रेलियाला गेले; अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या वाटेत आलेच नाहीत. आपल्या बाजूच्या तळाची पहिली मोठी झडती घेतली ती ‘इन्व्हेस्टिगेटर’ने. हे सरकारी सर्वेक्षणाचे जहाज. किनारे आणि खोली मोजणे हे त्याचे मुख्य काम, आणि त्यावरचा डॉक्टर हाच निसर्गअभ्यासक. १८८८ पासून काही वर्षे ती जागा आल्फ्रेड अल्कॉककडे होती. पुढे तो कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा प्रमुख झाला. भारतीय समुद्रांतल्या तिपायी माशांच्या काही जातींची वर्णने त्याच्याच नावावर आहेत; त्यांतल्या दोन म्हणजे १८८९ मधली गुंथेराय आणि १८९६ मधली अॅट्रिकलर. पहिलीला त्याने गुंथरचे नाव दिले.

या काळात मासा जहाजावर येई तो जाळ्याने खरवडलेला, चिखलाने माखलेला, मेलेला. लांब किरण मोडलेले किंवा गुंडाळलेले. ते कशासाठी असावेत, याचा नुसता तर्क करता येई. माणूस किंवा कॅमेरा तळापर्यंत गेला तेव्हाच तर्क संपला. मासा किरणांवर उभा दिसला, तोंड प्रवाहाकडे, शेपूट मागे. अभ्यासाच्या या टप्प्यावर वाचकाने थोडे थांबावे असे मला वाटते. शरीराचा आकार बरणीतल्या नमुन्यात दिसतो, पण त्या आकाराचा उपयोग कळायला तो जीव जिथे जगतो तिथे जाऊनच पाहावे लागते.

आता त्याच्या उभे राहण्याकडे जवळून पाहू. समुद्रतळावरही पाणी हलते, पण तळाला घासून जाणारा थर घर्षणामुळे मंदावतो. अगदी चिखलालगत तर ते जवळपास स्तब्ध असते. तिथून जसजसे वर जावे तसा वेग वाढतो. तळाला चिकटून बसलेल्या माशासमोरून तासाभरात जेवढे पाणी सरकते त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी अर्धा-पाऊण मीटर उंचीवरच्या माशासमोरून जाते. पाणी जास्त म्हणजे त्यातून वाहत येणारे कोपेपॉड आणि इतर बारीक कवचधारी जीवही जास्त. एवढी कमाई करायला त्याला एक शेपटीचा फटकाराही मारावा लागत नाही. उंची मिळवण्याचा खर्च एकदाच, किरण वाढवताना झालेला. नंतर सगळे काम प्रवाह करतो.

पोहताना हे किरण मागे लवचिकपणे लोंबतात. टेकताना तेच ताठ होतात. उभा राहिल्यावर मासा छातीकडचे पर उचलून डोक्याच्या पुढे पसरतो. त्यांचे किरण सुटे आणि लांब, आणि त्यांना मज्जातंतूंचा भरपूर पुरवठा. डोळे इतके बारीक की त्यांच्यावर त्याची फारशी भिस्त नाही. सूर्याचा उजेड एक हजार मीटरच्या खाली पोहोचतच नाही. म्हणून पाहण्याचे काम परांकडे आले. अंधारातून एखादा कोपेपॉड वाहत येतो, पसरलेल्या किरणाला त्याचा धक्का लागतो किंवा त्याच्या हालचालीने पाणी किंचित थरथरते. मासा त्या बाजूला तोंड नेतो, भक्ष्य आत जाते, आणि पर पुन्हा होते तसे पसरतात. पाय मात्र जागचे हललेले नसतात.

इथे दाबाचा प्रश्न येतोच. शाळेतही मुले पहिल्यांदा हेच विचारतात की एवढ्या पाण्याखाली मासा चिरडत कसा नाही? दर दहा मीटरला एक वातावरण या हिशेबाने तीन हजार मीटरवर दाब सुमारे तीनशे वातावरणांचा होतो. चौरस सेंटिमीटरला तीनशे किलोच्या आसपास. भारताच्या ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीत तीन माणसांना बसवून सहा हजार मीटर खाली नेण्याची योजना आहे. त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने आखलेला गोल २.१ मीटर व्यासाचा आणि ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमचा आहे. माशाकडे असले काही नाही. उलट खोल पाण्यातल्या पुष्कळ माशांची हाडे हलकी आणि स्नायू पाणीदार असतात. फरक एवढाच की आपल्याला खाली हवा घेऊन जायची असते आणि हवा दबते. तिपायी माशाच्या अंगात हवेची पिशवी नाही. आत पाणी, बाहेर पाणी, आणि पाणी दाबले तरी फारसे आक्रसत नाही. ज्याच्या आत पोकळी नाही त्याला चिरडायचे कसे?

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही, आणि पुस्तकातले दाबाचे प्रकरण मला याचसाठी विशेष आवडले. दाब हाडामांसाला नाही तरी रेणूंना छळतो. शरीराची सारी कामे प्रथिनांच्या घड्यांवर चालतात. प्रचंड दाबाखाली पाण्याचे रेणू त्या घड्यांत घुसू लागतात आणि घडी बिघडते. यावर समुद्री माशांकडे एक साधे रसायन आहे, ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड. ते प्रथिनांची घडी सावरून धरते. जितका मासा खोलवरचा, तितके त्याच्या अंगात हे रसायन जास्त. याला एक हद्दही आहे. साधारण ८,२०० ते ८,४०० मीटरच्या खाली जायचे तर ते इतके साठवावे लागेल की माशाचे अंग समुद्राहून खारट होईल आणि पाणी आत घुसत राहील. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर एका माशाचे चित्रण झाले. माशाचे इतक्या खोलवर केलेले दुसरे चित्रण नाही, आणि ते या गणिताच्या उंबरठ्यावरच आहे.

आता पहिली वाट, बोंबलाची. मासा मेला की जिवाणू त्याच्या अंगातल्या याच रसायनाचे तुकडे करतात आणि ट्रायमिथिलअमाइन सुटते. सुक्या मासळीच्या दुकानासमोरून जाताना नाकाला पदर लावायला लावणारा जो वास, त्यातला मोठा वाटा याचा. म्हणजे आठवडी बाजारात जो वास हुंगून गिऱ्हाईक माल जोखते त्याची आणि तीन किलोमीटर खोलवर प्रथिने सावरणाऱ्या रसायनाची जात एकच. नाते इथेच संपत नाही. बोंबील ज्या ऑलोपिफॉर्मीस गणात मोडतो त्याच गणात तिपायी मासाही मोडतो. कुळे वेगळी, गण एक. पालघर-वसईच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून जे बोंबील वाळत असतात, त्यांचे दूरचे भाऊबंद अंधारात काड्यांवर उभे आहेत. बोंबील उथळ, गढूळ, अन्नाने भरलेल्या पाण्यात राहिला आणि तोंड भरून खाणारा शिकारी झाला. दुसरी शाखा जिथे उतरली तिथे पाठलाग परवडणारा नव्हता.

परवडणे हा या पुस्तकाचा खरा विषय आहे. तळावर अन्न पिकत नाही. उजेड नाही म्हणून वनस्पती नाहीत. उष्ण झऱ्यांच्या परिसरासारखे अपवाद सोडले तर खाली जे काही खाल्ले जाते ते वरून पडलेले असते. मेलेल्या सूक्ष्म वनस्पती, प्लवकांची विष्ठा, कवचे, चिकट गोळे, यांचा एक अखंड भुरभुराट वरून खाली येत असतो. वाटेत प्रत्येक थरातले जीव त्यावर ताव मारतात. तीन-चार हजार मीटरपर्यंत पोहोचते ते वर पिकलेल्या अन्नाच्या एखाद्या टक्क्याच्या आसपास. वरच्या ताटातले शंभर घास असतील तर तळाला एक. त्या एका घासावर चिखलातले किडे, समुद्रकाकड्या, कोळंबीसारखे जीव, कोपेपॉड आणि शेवटी आपला मासा, सगळ्यांनी जगायचे. ज्याला मिळकत वाढवता येत नाही तो खर्च कमी करतो. तिपायी माशाचा उभे राहण्याचा ढंग, पाणीदार स्नायू, थंड पाण्यात मंद चाललेले शरीर, हे सगळे एकाच जमाखर्चाच्या वहीतले आहे. खोल समुद्रात तगायला पराक्रम लागतो, हा आपला समज. तिथे लागते ती काटकसर.

दुसरी वाट ढगांची. वरून पडणारा हा भुरभुराट वर्षभर सारखा असतो, असे पूर्वी धरून चालत. तळाला ऋतू नाहीत, सदासर्वदा सारखाच अंधार आणि सारखीच थंडी, हा समज पाठ्यपुस्तकांतही होता. अरबी समुद्राने तो मोडायला मोठी मदत केली. गोव्याच्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. या संस्थेने आणि जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठाने १९८६ पासून अरबी समुद्रात गाळाचे सापळे सोडले. सापळा म्हणजे दोराला बांधून खोलवर ठेवलेले मोठे नरसाळे. त्याच्या खाली बाटल्यांचे चक्र, आणि ठरावीक दिवसांनी एक बाटली सरकून दुसरी पुढे येते. वर्षअखेर बाटल्या काढून ओळीने मांडल्या की कोणत्या पंधरवड्यात किती पडले ते डोळ्यांनी दिसते.

दिसले ते असे. तीन हजार मीटरवरही नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत बाटल्या भरतात. जून ते सप्टेंबर हे वारे सोमालिया-ओमानच्या बाजूने समुद्र घुसळतात, खालचे पोषक पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पतींना बहर येतो, आणि त्या बहराचा कचरा काही आठवड्यांत तळाच्या वाटेला लागतो. हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन खाली बसते, पुन्हा घुसळण होते, आणि दुसरा, छोटा बहर येतो. जो वारा आमच्याकडे कपाशी-केळीवर पाऊस घेऊन येतो, तोच तीन किलोमीटर खोल अंधारात अन्नाची सुगी धाडतो. खालच्यांचाही खरीप आणि रब्बी आहे, असे म्हटले तर शेतकऱ्याला एका वाक्यात समजेल.

अरबी समुद्राची आणखी एक खासियत पुस्तकात सविस्तर आली आहे. इथे सुमारे दीडशे-दोनशे मीटरपासून हजार-बाराशे मीटरपर्यंत प्राणवायू अतिशय विरळ असलेला एक जाड पट्टा आहे. काही थरांत तो जवळपास नाहीच. वरच्या भरघोस बहराचीच ही किंमत. एवढे अन्न कुजायला लागते की कुजवणारे जिवाणू प्राणवायू संपवतात. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम या समुद्रात फिरली. तिचे नेतृत्व सीमोर सेवेल यांच्याकडे होते. त्याआधी ते भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे प्रमुख होते. अरबस्तानच्या बाजूच्या मधल्या खोलीवर मोहिमेच्या जाळ्यांत जवळजवळ काहीच आले नाही. त्याहून खाली मात्र पुन्हा जीव सापडले. याचे कारण असे की अगदी खोलातले पाणी इथले नव्हेच. ते दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने, थंडगार आणि प्राणवायू सोबत घेऊन तळातळाने सरकत येते. आपल्या पश्चिमेच्या समुद्रतळाला अन्न पुरवतो मोसमी वारा आणि श्वास पुरवतो दक्षिण ध्रुव. इथेही तोच हिशेब लागू पडतो. ज्याचा खर्च कमी, त्याला प्राणवायूही कमी लागतो.

जोडीदाराचे काय? तळावर अन्न विरळ म्हणून मासेही विरळ. दोन तिपायी मासे एकमेकांना कधी भेटतील याची खात्री नाही. शोधत फिरावे तर पोहण्याचा खर्च परवडत नाही. म्हणून या माशाच्या अंगात नर आणि मादी दोन्ही इंद्रिये एकाच वेळी कार्यक्षम असतात. कुणीही भेटला तरी जोडी जमू शकते. निम्म्या भेटी वाया जाण्याचा प्रश्न मिटतो. कुणीच भेटले नाही तर स्वतःचीच अंडी स्वतः फळवण्याची सोय त्याच्याकडे असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अंड्यांतून निघालेली पिल्ले मात्र तळाला राहत नाहीत. ती वरच्या थरांत, प्लवकांच्या गर्दीत वाढतात आणि मोठी होताना खाली उतरतात. म्हणजे या माशाचे बालपण अन्नाच्या थरात जाते आणि प्रौढपण त्याच थरातून सांडलेल्यावर.

शेजाऱ्यांची प्रकरणे वाचताना वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. काटकसरीचा मार्ग एकच नसतो. त्याच तळावर ग्रेनेडियर नावाचे लांब शेपटीचे मासे हिंडतात. वरून एखादा मोठा मासा मरून पडला की वासाच्या मागाने ते गोळा होतात, पोटभर खातात आणि पुढच्या मेजवानीपर्यंत त्यावर काढतात. त्यांनी फिरण्याचा खर्च पत्करला आणि त्याबदल्यात मोठा घास मिळवला. तिपायी माशाच्याच कुळातला इप्नॉप्स आणखी वेगळा. त्याचे डोळे चपटे होऊन डोक्यावर दोन फिकट पत्र्यांसारखे पसरले आहेत. त्यांत भिंग नाही, चित्र दिसत नाही. वरून एखादा प्रकाशणारा जीव गेला तर उजेड आहे एवढे कळावे, इतपतच सोय. एकाने डोळ्यांवरचा खर्च कमी करून परांवर केला, दुसऱ्याने डोळ्यांतले भिंग सोडून नुसता पडदा ठेवला. नको त्याला दोघांनीही कात्री लावली.

आता तिसरी वाट, तापी. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटरांनी ती अरबी समुद्राला मिळते. बऱ्हाणपूरच्या राजघाटावर पावसाळ्यात उभे राहिले की पाण्याचा रंग चहासारखा दिसतो. ती आपली काळी माती. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन जी फुगणारी चिकणमाती तयार होते तिला स्मेक्टाइट म्हणतात. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या हातभर भेगा तिच्यामुळेच. अरबी समुद्राच्या पूर्वेकडच्या गाळात स्मेक्टाइट सापडले की अभ्यासक नर्मदा आणि तापीकडे बोट दाखवतात. सिंधूने आणलेल्या गाळात इलाइट आणि क्लोराइट जास्त. २०१५ मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने आंतरराष्ट्रीय सागरखोदाई कार्यक्रमाच्या ३५५व्या मोहिमेत आपल्या किनाऱ्याच्या पश्चिमेला सुमारे ४७५ किलोमीटरवर, लक्ष्मी खोऱ्यात, छिद्रे घेतली. तिथे पाणीच ३,६०० मीटरहून जास्त खोल आहे, म्हणजे तिपायी मासे ज्या खोलीत वावरतात त्याच खोलीतला तो तळ. गाळातून अकराशे मीटरहून खाली गेलेल्या त्या छिद्रात मुख्यतः सिंधूचा गाळ मिळाला, आणि त्याच्या जोडीला द्वीपकल्पाच्या नद्यांचाही.

आज ही आवक पूर्वीसारखी राहिलेली नाही. हतनूर आणि १९७२ मध्ये उभे राहिलेले उकाई ही धरणे तापीचा बराचसा गाळ अडवतात. पण वाट बंद झालेली नाही. जे पाण्याबरोबर वाहते किंवा तरंगत जाते ते जातेच, आणि ज्याचा तळाशी साठा होतो ते तिथून परत येत नाही. नदीकाठच्या गावाने समुद्राशी आपला काय संबंध, असे म्हणण्याची सोय ही माती ठेवत नाही.

पुस्तक आजच प्रसिद्ध होण्याला एक कारण आहे. तळाशी माणसाचे काम वाढते आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधात्विक गोळे वर काढले. १९८७ मध्ये भारताला या गोळ्यांच्या शोधासाठी ‘अग्रणी गुंतवणूकदार’ हा दर्जा मिळाला, आणि आज मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यातले ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन भारतीय फ्रान्सच्या ‘नॉटील’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये उतरले. त्यांतल्या एकाची बुडी ५,००२ मीटरपर्यंत गेली. या गोळ्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट आहे. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना ते हवे आहे. गरज खोटी नाही.

पण तळाच्या घड्याळाचा वेग पाहावा लागेल. हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. खोल महासागराच्या मैदानावर गाळ हजार वर्षांत काही मिलिमीटर साचतो. १९९७ मध्ये गोव्याच्या शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, पाच हजार मीटरहून खोल तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळून पाहिला आणि पुढची काही वर्षे तिथे काय होते ते मोजत राहिले. खाणकाम सुरू होण्याआधी त्याचा परिणाम तपासण्याची ही शहाणी पद्धत होती. आपल्या मराठी मुलखाच्या शेजारच्याच संस्थेने ती वापरली, याचा उल्लेख पुस्तकात आवर्जून आहे. ढवळलेला गाळ पाण्यात उठतो, प्रवाहाबरोबर दूर जातो आणि पुन्हा बसतो. आता ज्या माशाचे सगळे जगणे प्रवाहातल्या बारीक कणांचा स्पर्श ओळखण्यावर आहे, त्याच्या पसरलेल्या परांवर तो गाळ आला तर? पळून जाण्याचा खर्च ज्याच्या अंदाजपत्रकातच नाही, त्याने काय करावे?

काटकसरीने जगणाऱ्याची हीच अडचण असते. रोजचे तो उत्तम भागवतो. अचानक आलेला खर्च त्याला झेपत नाही. वरच्या समुद्रातली एखादी मासळी वर्षा-दोन वर्षांत आपली संख्या भरून काढते, कारण तिची मिळकत मोठी. तळाच्या जिवांना ती सवलत नाही. म्हणून खाण हवी की नको या वादात उतरण्याआधी तिथल्या मिळकतीचा आकडा माहीत असायला हवा. हे पुस्तक बाजू घेत नाही, आकडा हाती देते. मला त्याची ही शिस्त आवडली.

पुस्तकाच्या भाषेबद्दल थोडे. जिथे मराठीत रुळलेला शब्द आहे तिथे तोच वापरला आहे: भूखंडमंच, प्लवक, पर, गण, कूळ. जिथे नाही तिथे कोपेपॉड, स्मेक्टाइट, इप्नॉप्स असे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत, आणि पहिल्यांदा येताना त्यांचा अर्थ वाक्यातच उलगडला आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ते अडणार नाही. आकडे पुष्कळ आहेत, पण एकही शोभेसाठी नाही. वाचताना एक वही जवळ ठेवावी. वर किती पिकते, तळाला किती पोहोचते, कोणता जीव कशावर खर्च करतो आणि कशावर करत नाही, हे दोन रकाने प्रत्येक प्रकरणानंतर भरत जावे. शेवटच्या प्रकरणापर्यंत वाचकाकडे खोल समुद्राचा स्वतःचा असा ताळेबंद तयार होईल.

शिक्षकांना एक सुचवणे. हा विषय वर्गात ‘विचित्र जीव’ या सदरात घेऊ नये. तिपायी माशात विचित्र असे फार थोडे आहे. प्रवाह कुठे जास्त आहे, अन्न केव्हा पडते, कोणते इंद्रिय उपयोगी आणि कोणते वायफळ, जोडीदार न भेटल्यास काय, या प्रत्येक प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर वाजवी आहे. मुलांना प्रश्न आधी द्यावेत आणि मासा नंतर दाखवावा. तीन हजार मीटर खोल, अंधार, दोन अंश तापमान, शंभरातला एक घास. आता तुम्ही शरीर आखा, असे सांगावे. कुणीतरी काठ्यांवर उभे राहण्याची कल्पना काढेलच, आणि मग चित्र पाहताना ते दचकणार नाही. आपले उत्तर बरोबर आले की नाही, ते पडताळून पाहील.

शनवारा, बऱ्हाणपूर